मलिक अंबर : इतिहासाच्या तासाची पहिली पाच मिनिटं



इतिहासाची तासिका वेळापत्रकात कुठे येते, ते तुम्हाला माहीतच आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर, नाहीतर अगदी शेवटी. पोरांच्या पोटात डबा गेलेला असतो आणि डोळे जड झालेले असतात. अशा वेळी आपण फळ्यावर घटकाचं नाव लिहितो आणि बी.एड.ला शिकवल्याप्रमाणे पूर्वज्ञानावर आधारित तीन प्रश्न विचारतो. निजामशाहीची राजधानी कोणती? आदिलशाहीची कोणती? बहमनी राज्याचे किती तुकडे झाले? पहिल्या बाकावरची चार मुलं उत्तरं देतात, आपण हेतुकथन करतो आणि तास सुरू होतो. पाठ टाचणात हे सगळं नीट बसतं. वर्गात मात्र मागच्या तीन रांगा त्या प्रश्नांच्या आधीच आपल्याला सोडून गेलेल्या असतात.

म्हणून आज एका माणसाचं चरित्र तुमच्यासमोर ठेवतोय. शिवपूर्वकालीन महाराष्ट्र शिकवताना हा माणूस पाठ्यपुस्तकात येतो, पण एक-दोन ओळींत आटोपतो. नाव मलिक अंबर. त्याच्या आयुष्यात वर्ग जागा करणाऱ्या इतक्या जागा आहेत की एका तासाला एकच निवडताना आपली पंचाईत होते. मी चरित्र सांगत जातो. जिथे तासाची सुरुवात करता येईल, तिथे थांबून तसं सांगतो. तुम्ही तुमच्या वर्गाला मानवेल ती उचला.

सगळ्यात आधी एक चित्र. मुघल बादशहा जहांगीर याच्या दरबारात अबुल हसन नावाचा मोठा चित्रकार होता. त्याने साधारण १६१६ च्या सुमारास काढलेलं हे चित्र आज आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात, चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. इंटरनेटवर सहज मिळतं. चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. तो गोल एका बैलाच्या पाठीवर आहे आणि बैल माशावर. बादशहाच्या हातात ताणलेलं धनुष्य आहे आणि समोर भाल्यावर खोचलेलं एका काळ्या माणसाचं मुंडकं. मुंडक्यावर घुबड बसलंय. बादशहा त्या मुंडक्यावर बाण सोडतोय.

हे चित्र वर्गात दाखवा. प्रोजेक्टर नसेल तर मोबाइलवरून छापून घ्या, प्रत्येक बाकाला एक प्रत पुरते. आणि गप्प बसा. दोन मिनिटं काहीही बोलू नका. हे आपल्याला जड जातं, पण जमवा. मुलं आधी बैल आणि मासा बघून हसतील. मग कोणीतरी विचारेल की हा कोण माणूस, ज्याला बादशहाने मारलं. तेव्हा तुम्ही सांगायचं की मारलं नाही. चित्र काढलं तेव्हा तो माणूस जिवंत होता, धडधाकट होता आणि त्यानंतर आणखी दहा वर्षं जगला. बादशहाने त्याला रणांगणात कधी समोरासमोर पाहिलंसुद्धा नाही. जो हाती लागत नव्हता, त्याला दरबारात रंगांनी मारून घेतलं.

मग हिंदुस्थानच्या बादशहाला एवढा राग यावा असा हा होता कोण? हा प्रश्न वर्गातूनच येतो, आपल्याला विचारावा लागत नाही. इथून पुढे चरित्र सांगायला वर्ग तुमचा.

त्याचा जन्म साधारण १५४८ चा, आजच्या इथिओपियातला. लहानपणीचं नाव चापू. मुलगा असतानाच तो गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्राकाठच्या बाजारांतून त्या काळी आफ्रिकेतली हजारो माणसं अरबस्तान, इराण, हिंदुस्थानकडे विकली जात. चापू हातोहात फिरत बगदादला पोचला. तिथल्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतलं. पोराची बुद्धी ओळखून लिहायला-वाचायला शिकवलं, मुसलमान केलं आणि नवं नाव दिलं, अंबर.

या नावाशी थोडं थांबा. अंबर म्हणजे देवमाशापासून मिळणारं, अत्तरात घालायचं एक महाग सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावं द्यायची रीत होती. काफूर म्हणजे कापूर, याकूत म्हणजे माणिक. अल्लाउद्दीन खलजीचा सेनापती मलिक काफूर मुलांनी आधीच ऐकलेला असतो. रझिया सुलतानाच्या काळातला याकूतही काहींना ठाऊक असतो. ही तीन नावं फळ्यावर लिहून त्यांत सारखं काय आहे, एवढंच विचारायचं. तासाची ही दुसरी सुरुवात. मुलं आधी म्हणतील, तिघेही मुसलमान. मग एखादी मुलगी म्हणेल, कापूर तर देवघरात असतो. तिथून ती बरोबर वाटेला लागतात. आईबापाने दिलेलं नाव पुसून वस्तूचं नाव दिलं जातं, म्हणजे माणसाची वस्तू झाली, हे आपण सांगायच्या आधी त्यांच्या लक्षात येतं. माझ्या मते हा भाग चित्राहूनही सरस आहे, कारण त्याला काहीच साहित्य लागत नाही. खडू पुरतो.

पुढे अंबर दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीत तेव्हा चंगीजखान नावाचा पेशवा होता. पेशवा म्हणजे मुख्य मंत्री; हे पद आपल्या पेशव्यांच्या कितीतरी आधीपासून दख्खनमध्ये होतं, हेही जाता जाता सांगून टाका. हा चंगीजखान स्वतः एकेकाळी हबशी गुलाम होता. त्याने साधारण हजार हबशी गुलाम विकत घेतले होते, त्यांतला एक अंबर. काळ १५७० नंतरचा, म्हणजे अंबर पंचविशीच्या आतबाहेर.

इथे वर्गात गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगतो. गुलाम म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली उसाची-कापसाची शेतं येतात, साखळदंड येतात. दख्खनमधली लष्करी गुलामी वेगळी होती. मालक आपल्या गुलामांना हत्यार चालवायला, हिशेब ठेवायला शिकवायचा, कारण त्यांना गावात ना भाऊबंद, ना जमीन, ना सोयरीक. निष्ठा फक्त मालकावर. मालक गेला की बहुधा सुटका व्हायची आणि मग ज्याच्यात धमक असेल तो सरदार व्हायचा. पण म्हणून ती चांगली होती, असं मुलांच्या मनात जाऊ देऊ नका. आपल्या आईपासून तोडून विकलेलं पोर ते विकलेलंच पोर. पुढे ते वजीर झालं म्हणून बाजार चांगला ठरत नाही. आणि त्या हजारांतले बाकीचे कोण होते, काय झाले, याची कुठल्याही पाठ्यपुस्तकात ओळ नाही.

चंगीजखान पेशवा १५७५ च्या सुमारास मारला गेला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केलं. त्यानंतरची वीसेक वर्षं त्याने दख्खनच्या दरबारांत शिपाईगिरी करत काढली. विजापूरला असताना त्याच्या हाताखाली थोडी फौज आली आणि मलिक ही पदवीही मिळाली. या वीस वर्षांत वर्गाला सांगण्यासारखं फारसं नाही. तो शिकत होता, एवढं म्हणून पुढे जा.

१५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला. तेव्हा मुघलांची धाड अहमदनगरवर आली होती. चांदबिबीने किल्ला कसा लढवला, हे मुलांना थोडंफार माहीत असतं. १६०० साली चांदबिबी आपल्याच लोकांकडून मारली गेली, अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला आणि बालसुलतानाला धरून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात पाठवलं. कागदावर निजामशाही संपली.

आता तिसरी सुरुवात. ही नकाशाची आहे. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा लावा आणि मुलांना एक कोडं घाला. राजधानी गेली, किल्ला गेला, राजा कैदेत. तुमच्याजवळ दीडशे घोडेस्वार आहेत. राज्य पुन्हा उभं करायचं. काय काय लागेल? मुलांना पाच मिनिटं द्या, वहीत लिहू द्या. पैसा लिहितील, किल्ला लिहितील, सैन्य लिहितील. राजा मात्र बरेचजण विसरतात. अंबर विसरला नाही. त्याने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून काढला आणि परांड्याच्या किल्ल्यात त्याला गादीवर बसवलं. हा दुसरा मुर्तजा निजामशहा. आपली मुलगीही त्यालाच दिली. दीडशे स्वारांचे बघता बघता हजारो झाले. मग नकाशावर बोट फिरवा. परांडा, तिथून जुन्नर, पुढे दौलताबाद. राजधानी हलत राहिली, राज्य टिकून राहिलं. तेव्हा अंबर पन्नाशी ओलांडलेला होता. आपल्यापैकी बरेचजण त्या वयात निवृत्तीची वर्षं मोजायला लागतात.

हे सगळं सरळ झालं नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळच्या लढाईत तो जखमी झाला, पकडलाच जायचा, पण त्याच्या माणसांनी त्याला उचलून नेलं. समोर मुघलांचा सेनापती होता खानखानान अब्दुर्रहीम. ओळखलंत ना? हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपली मुलं पाठ करतात, तेच हे रहीम. नांदेडच्या लढाईत प्रत्यक्ष लढला तो रहीमचा मुलगा. तुमच्या शाळेतल्या हिंदीच्या बाईंना किंवा सरांना आधी सांगून ठेवा आणि त्याच दिवशी दोह्यांचा तास होऊ द्या. सकाळी नम्रतेचे दोहे म्हणणारा कवी दुपारी दख्खनमध्ये फौज घेऊन उतरलेला पाहिला की मुलं हबकतात. माणूस एका विषयाच्या पुस्तकात मावत नाही, हे त्यांना तिथेच कळतं.

निजामशाहीतच राजू दखनी नावाचा दुसरा एक जबरदस्त सरदार होता. अर्धं राज्य त्याच्याकडे. त्याला अंबरने १६०७ च्या सुमारास हरवलं. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांकडून परत घेतला. आणि त्याच साली एक काळी गोष्ट घडली. ती आपण गाळायला बघतो, पण गाळू नये असं मला वाटतं. सुलतान मुर्तजा आणि अंबर यांचं बिनसलं होतं. सुलतानाच्या इराणी वंशाच्या थोरल्या बेगमेने अंबरच्या मुलीला तिच्या हबशी जन्मावरून हिणवलं आणि अंबरने सुलतान व ती बेगम दोघांनाही विष देवववलं, अशी हकिकत पीटर व्हान डेन ब्रुक नावाच्या डच व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. गादीवर मुर्तजाचा पाच वर्षांचा मुलगा आला. सत्ता अर्थातच अंबरकडे.

वर्ग मोठा असेल, नववी-दहावीचा, तर मी इथूनच सुरुवात करीन. तुम्हाला धाडसाचं वाटेल. पण त्या वयाची मुलं रंगावरून, जातीवरून, घरावरून हिणवणं रोज बघत असतात, सोसत असतात, करतही असतात. लेकीला कोणी गुलामाची पोर म्हटलं तर वजिराने काय करावं, हा प्रश्न टाका आणि त्यांना भांडू द्या. कोणी त्याची बाजू घेईल, कोणी म्हणेल खून तो खून. दहा मिनिटांनी विचारा, ही हकिकत आपल्याला कोणी सांगितली? एका परदेशी व्यापाऱ्याने, ऐकलेली. मग किती धरायची? इतिहासाची साधने हा कोरडा ठणठणीत घटक अशा वेळी पोरांच्या गळी आपोआप उतरतो. एक पथ्य मात्र पाळा. वर्गात कुणाला रंगावरून टोपणनाव पडलेलं असेल, तर त्या मुलाकडे चुकूनही नजर वळू देऊ नका.

हा डच व्यापारी १६१७ मध्ये अंबरच्या छावणीत जाऊन प्रत्यक्ष भेटला होता. अंबर तेव्हा सत्तरीकडे झुकलेला. उंच, धिप्पाड, करारी चेहऱ्याचा म्हातारा, असं त्याने लिहिलंय. प्रजेत त्याचा मान होता, राज्यात बंदोबस्त चोख होता, असंही तो नोंदवतो. शिक्षा मात्र अंगावर काटा आणणाऱ्या होत्या. दोन्ही वाचून दाखवा.

आता पाण्याकडे वळू. छत्रपती संभाजीनगरच्या आसपास शिकवणाऱ्यांना दुसरं काहीच करायची गरज नाही, वर्गाबाहेर नेलं की झालं. अंबरने १६१० मध्ये दौलताबादजवळ खडकी गावी नवं शहर वसवलं. पुढे त्याचा मुलगा फतेहखान याने त्याचं फतेहनगर केलं, १६५३ च्या सुमारास औरंगजेबाने औरंगाबाद केलं आणि आता ते छत्रपती संभाजीनगर आहे. गाव एक, नावं चार. खडकी नाव खडकावरून पडलेलं, त्यावरूनच तिथल्या पाण्याचा अंदाज यावा. अंबरने उत्तरेकडच्या डोंगराळ भागातून जमिनीखालून पाणी आणलं. मातीचे नळ, चुन्यातलं पक्कं बांधकाम, जागोजाग हवा खेळायला आणि साफसफाईला उभी भोकं ठेवलेली. पंप नाही, मोट नाही. नुसत्या उतारावर पाणी वाहत शहरात यायचं. ही नहर-ए-अंबरी. तिने पुढे तीनेकशे वर्षं शहराला पाणी पाजलं.

या भागातल्या शिक्षकांना एक विनंती. पाणचक्की अंबरने बांधली असं मुलांना सांगू नका. ती नंतरच्या काळातली आहे आणि तिचं पाणीही वेगळ्या नहरीचं आहे. सहलीला जाणाऱ्या बसमध्ये ही चूक हमखास कानावर येते. अंबरचं बांधकाम दाखवायचं तर भडकल दरवाजा दाखवा. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने तो उभारला.

आणि जे लांब राहतात, समजा गडहिंग्लजला नाहीतर गोंदियाला, त्यांनी काय करायचं? त्यांनी तासाला जाताना पाण्याची एक बाटली आणि रबरी नळीचा हातभर तुकडा न्यावा. बाटली टेबलावर, बादली खाली. पाणी आपोआप उतरतं हे मुलं विज्ञानात शिकलेली असतात. मग विचारायचं, बादली चार-पाच मैल लांब असेल तर? उतार किती ठेवायचा? जास्त ठेवला तर नळ फुटतील, कमी ठेवला तर गाळ बसेल. १६१० च्या दशकात, आजच्या उपकरणांशिवाय, हे गणित कोणी आणि कसं बसवलं असेल? विज्ञानाचे शिक्षक दारात येऊन उभे राहतात, असा माझा अनुभव आहे.

जमिनीच्या साऱ्याचंही सांगायलाच हवं, कारण रयतेशी त्याचा थेट संबंध होता. सततच्या लढायांनी मुलूख उजाड झाला होता. अंबरने जमिनीची प्रत बघून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवायची पद्धत बसवली. वसुलीची जबाबदारी गावच्या पाटलावर ठेवली आणि मधले लुबाडणारे कमी केले. मलिकंबरी पद्धत म्हणून तिचं नाव पुढे कितीतरी काळ राहिलं. शिवकाळात पुणे परगण्याची घडी बसवताना हाच नमुना समोर होता. मुलांना हा भाग रटाळ वाटतो, खोटं कशाला बोला. शेतकऱ्यांच्या घरची मुलं वर्गात असतील तर त्यांनाच विचारा की भारी जमीन आणि हलकी जमीन यांना एकच सारा लावला तर काय होईल. तीच समजावून सांगतील आणि आपल्यापेक्षा चांगलं सांगतील.

लढाईकडे येऊ, मुलं त्याचीच वाट बघत असतात. मुघलांची फौज मोठी, तोफखाना अवजड, रसदेचे तांडे मैलोगणती लांबलेले. अंबरची फौज हलकी, तिच्यात मराठा बारगिरांचा भरणा मोठा. समोरासमोर लढायचं टाळायचं, रात्री छापे घालायचे, दाणावैरण तोडायची, डोंगरात नाहीसं व्हायचं. दख्खनच्या भूमीला साजेसं हे युद्धतंत्र अंबरने वर्षानुवर्षं मोठ्या प्रमाणावर वापरलं. हबशी, दखनी मुसलमान आणि मराठे, सगळेच त्यात तयार झाले. वेरूळच्या भोसल्यांपैकी मालोजीराजे निजामशाहीत होते आणि त्यांचे पुत्र शहाजीराजे व शरीफजीराजे अंबरच्या बाजूने लढले. सिंदखेडचे लखुजी जाधवरावही निजामशाहीतलेच, नंतर मुघलांकडे गेले. म्हणजे शिवरायांचे वडील, काका आणि आजोबा हे सगळे याच पटावरचे. शिवजन्माचा पाठ शिकवताना मुलांना ही नावं अचानक आकाशातून पडल्यासारखी वाटतात. अंबर आधी शिकवला असेल तर ती ओळखीची निघतात.

अंबर हरलाही पुष्कळदा. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत मार खाल्ला आणि मुघलांनी त्याची नवी खडकी जाळली. सुरुवातीचं ते चित्र याच सुमाराचं आहे, हे आता मुलांना पुन्हा दाखवा. १६१७ मध्ये जहांगीर स्वतः माळव्यातल्या मांडूपर्यंत येऊन बसला आणि शहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, अंबरला तह करायला लावला. अंबरने मुलूख दिला, किल्ले दिले. फौज उत्तरेला वळली की पुन्हा घेतले. जळलेलं शहरही परत उभं केलं.

मग १६२४ ची भातवडी. अहमदनगरजवळ, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळ, हे गाव आहे. या वेळी मुघल आणि विजापूरची आदिलशाही एकत्र येऊन अंबरवर चालून आली. अंबर ७५ च्या पुढचा. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीकडे पाणी सोडलं. चिखलात तोफा रुतल्या, जनावरं अडकली, वैरण संपली, माणसं फुटून यायला लागली. त्या अवस्थेत अंबरने हल्ला चढवला आणि दोन्ही फौजांचा धुव्वा उडवला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद मारला गेला. शहाजीराजांनी या लढाईत नाव कमावलं. शरीफजी मात्र धारातीर्थी पडले. ज्याने शहराला पाणी आणलं, त्यानेच पाण्याने लढाई जिंकली. वर्गात कोणी ना कोणी हे जोडतंच. आपण आधी बोलायचं नाही.

भातवडीची माती करून बघा. मैदानात एक लहान बांध घाला, वर पाणी साठवा, खाली काड्यापेटीच्या गाड्या आणि शेंगदाण्याचे हत्ती. बांध फोडायचा मान वर्गातल्या सगळ्यात गप्प पोराला द्या. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर फारच उत्तम. मुख्याध्यापकांना आधी कल्पना दिलेली बरी, कपडे चिखलाने भरतात आणि पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतात.

विजयानंतर शहाजीराजे आणि अंबर यांचं पटेनासं झालं आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. त्यानंतर मे १६२६ मध्ये मलिक अंबर वारला. वय जवळजवळ ८०. जहांगीरने आयुष्यभर आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून त्याचा उल्लेख शिवीसारखा केला. पण तो गेल्यावर त्याच दरबारातल्या मुतमदखान या इतिहासकाराने लिहून ठेवलं की युद्धात, कारभारात आणि बुद्धीत याला तोड नव्हती आणि तो अखेरपर्यंत मानाने जगला. चित्र आणि ही नोंद, दोन्ही एकाच दरबारातली. दहावीला इतिहासलेखन शिकवताय ना, मग ही जोडी शेजारी शेजारी ठेवा आणि कोणतं साधन खरं, असं न विचारता ही दोन्ही कशासाठी तयार झाली, असं विचारा.

अंबरची कबर खुलताबादला आहे, घुमटाची, देखणी. त्याची बायको बीबी करीमा हिचीही जवळच आहे. त्याच खुलताबादेत औरंगजेबाची उघडी, साधी कबर आहे. विकला गेलेला पोरगा घुमटाखाली, बादशहा मोकळ्या आभाळाखाली. वेरूळची सहल बहुतेक शाळा काढतात; बस दहा-पंधरा मिनिटं खुलताबादला वळवणं अवघड नाही.

अंबरच्या मागे त्याचा मुलगा फतेहखान वजीर झाला, पण बापाची जिद्द त्याच्यात नव्हती. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली केला आणि निजामशाही पुन्हा एकदा कागदावर संपली. राजधानी गेलेली, किल्ला गेलेला, राजा कैदेत. तेव्हा एका मराठा सरदाराने निजामशाही घराण्यातलं एक लहान मूल शोधलं, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवलं आणि तीन वर्षं त्याच्या नावाने राज्य चालवलं. सरदाराचं नाव मुलांना विचारा. तेहतीस वर्षांपूर्वीच्या परांड्याचं त्यांच्या वहीत लिहिलेलं असेलच. ती पानं उलटतील आणि शहाजीराजांचं नाव घेतील. त्या वेळी शिवाजीराजे तीन वर्षांचे होते. आता पाठ्यपुस्तक उघडायला सांगा.